नवव्या घराचा माठ

शुक्रवारी सकाळी फोन आला तेव्हा मी धाराशिवला वर्तमानपत्राच्या कार्यालयात होतो. फोन इंदूताईंचा होता. कळंबला माझ्या आत्याच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर आहे. "मार्थाताई दार उघडंनात," त्या म्हणाल्या. मी सांगितलं की ती हल्ली कुणालाच उघडत नाही. "तसं न्हाय ओ... मशीनचा आवाज बी न्हाय." मी एसटीनं कळंबला पोचेपर्यंत वस्तीतल्या फिलिपकाकांनी मागचं दार बिजागरीतून काढून आत पाऊल टाकलं होतं. आत्या खाटेवर होती. झोपेतच हृदय बंद पडलं असावं, असं डॉक्टर म्हणाले. मार्था गायकवाड, शिवणकामावर एकटीनं संसार चालवलेली विधवा. बातमी करायची म्हटलं तर एवढीच झाली असती, आणि ती कुठल्या पानावर लागली असती हेही मला माहीत आहे.

तिच्याविषयी लिहायचं तर आधी आमच्या वस्तीतल्या एका रिवाजाविषयी लिहावं लागतं. ईस्टरच्या आधीचे आठवडे आम्ही ख्रिस्ती लोक उपवासकाळ म्हणून पाळतो. त्यातल्या दर शुक्रवारी क्रुसाची वाट चालायची असते. येशूला शिक्षा झाली तिथपासून त्याला कबरेत ठेवलं तिथपर्यंतचे चौदा प्रसंग, म्हणजे चौदा स्थानं. प्रत्येक स्थानापाशी थांबून प्रार्थना करायची. इतर गावांत या प्रसंगांची चित्रं देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, भिंतींवर असतात. कळंबचं आमचं देऊळ म्हणजे पत्र्याची एक खोली. एका वर्षी पत्रा गळू लागला, तेव्हा त्या वेळच्या फादरांनी चित्रं भिजू नयेत म्हणून घराघरांत सांभाळायला दिली. पत्रा दुरुस्त झाला, पण चित्रं परत आली नाहीत, कुणी मागितलीही नाहीत. तेव्हापासून क्रुसाची वाट घरोघर निघते. पुढं लाकडी क्रूस, मागं अनवाणी माणसं. ज्याच्या घरी जे चित्र, ते त्याचं स्थान. घरातल्या माणसानं दारात उभं राहून आपल्या स्थानाची प्रार्थना वाचायची, मग पुढचं घर. आत्याकडं नववं स्थान होतं. नवव्या स्थानी येशू क्रुसासकट तिसऱ्यांदा पडतो. हे चित्र सुरुवातीला कुणालाच नको होतं, अपशकुनी वाटायचं. आत्या म्हणाली, "द्या इकडं. पडलेल्या माणसाला कुणीतरी घरात घ्यायला पाहिजे की."

मार्च-एप्रिलचं कळंबचं ऊन वेगळं सांगायला नको. दुपारी चारला निघालेली माणसं नवव्या घरापर्यंत येईतो पाय भाजून आणि घसा कोरडा पडून आलेली असत. आत्यानं पहिल्याच वर्षी दाराबाहेर तिवईवर माठ मांडला, वर ओलं फडकं, शेजारी पालथे घातलेले पेले. जुन्या लोकांनी हरकत घेतली. फिलिपकाका, जे आजही क्रूस घेऊन पुढं चालतात, म्हणाले, "मार्थाबाई, उपासाचा दिवस आहे. वाटंत पाणी पिणं बरं दिसत न्हाय."

"उपास भाकरीचा हाय का पाण्याचा, फिलिपभाऊ?"

"तसं न्हाय, पण..."

"मग प्या गुमान. चक्कर येऊन क्रूस घेऊन पडलात तर पंधरावं स्थान करावं लागंल."

तेव्हापासून नववं घर म्हणजे माठ असं ठरून गेलं. पाणी पिताना माणसं रेंगाळायची, बोलत बसायची. आत्या पेले गोळा करत म्हणायची, "झालं का पिऊन? चला. पुढचं घर वाट बघतंय." हे तिचं दर शुक्रवारचं वाक्य होतं. पुढं वस्तीतली पोरं पुण्याला कामाला गेली, मागून म्हातारे गेले, काही घरांना कुलपं लागली. तेव्हा बंद घरं सोडून द्यावीत असा विचार निघाला होता. आत्यानं तो मोडून काढला. कुलूप असलं तरी त्या दारासमोर थांबायचं, आधी कडी वाजवायची, जरा वाट बघायची, आणि आपल्यातल्याच कुणीतरी प्रार्थना वाचायची. कडी कशाला, आत तर कुणी नाही, असं एकानं विचारलं होतं. "तुला काय म्हाईत?" एवढंच ती म्हणाली होती.

उपवासकाळात तिची शिवणाची खोली म्हणजे वस्तीचा दवाखाना असायचा, फक्त औषध तोंडी. ब्लाऊज शिवायला आलेल्या बाईला ती टेप लावता लावता विचारायची, यंदा काय सोडलं? कुणी चहा सोडलेला असायचा, कुणी मटण. दारू सुटत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या एका माणसाला तिनं सांगितलं होतं, आजचा दिवस सोड, उद्याचं उद्या येऊन सांग. तो रोज येऊन दारात उभा राहायचा आणि ती मशीन न थांबवता म्हणायची, "आजचं झालं का? जा मग घरी." इंदूताई हिंदू, त्यांच्या घरी चतुर्थी आणि नवरात्र. दोघींचं या दिवसांत ठरलेलं बोलणं चालायचं.

"मार्थाताई, तुमच्या उपासाला साबुदाणा चालतो का?"

"आमच्यात साबुदाण्याचं काय न्हाय. तोंड आवरायचं. भांडायचं न्हाय, कुणाची उणीदुणी काढायची न्हाईत."

"अगं बया! मग माझा उपास तर दात घासायच्या आधीच मोडंल."

मागच्या वर्षीचा उपवासकाळ शालिनीसाठी गेला. शालिनी ही आत्याची एकुलती एक मुलगी, माझी आतेबहीण, पुण्याला दवाखान्यात परिचारिका होती. तिला रक्ताचा कर्करोग निघाला होता. त्या वर्षी प्रत्येक शुक्रवारी, प्रत्येक घरी, स्थानाची प्रार्थना झाली की शालिनीचं नाव घेतलं जाई. आत्या स्वतः नवव्या दारात उभी राहून वाचायची आणि आवाज फुटू द्यायची नाही. ईस्टरच्या सुमारास शालिनीच्या तपासण्या चांगल्या आल्या. आत्यानं भर देवळात उभं राहून देवानं लेकीला वाचवल्याची साक्ष दिली, सगळी वस्ती रडली, फिलिपकाकांनी पेढे वाटले. शालिनी पावसाळ्यात कळंबला येऊन राहून गेली, इंदूताईंच्या हातची धपाटी खाऊन गेली... दिवाळीनंतर आजार उलटला. यंदाच्या राखेच्या बुधवारच्या आदल्या आठवड्यात ती गेली.

राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू होतो. फादर कपाळावर राखेचा क्रूस काढतात आणि माणूस मातीचा आहे, मातीतच जाणार आहे, याची आठवण देणारे शब्द म्हणतात. मी त्या दिवशी आत्याला घेऊन रांगेत उभा होतो. तिची पाळी आली. फादर तरुण होते, नवीन आलेले, त्यांना काही ठाऊक नसावं. त्यांनी अंगठा राखेत बुडवला आणि शब्द सुरू केले. आत्यानं त्यांचा हात मनगटाशी धरला. "मला नका सांगू, फादर," ती हळू आवाजात म्हणाली, "म्या आत्ताच लेकीला माती देऊन आले." कपाळ कोरडं ठेवूनच ती वळली आणि बाहेर पडली. त्यानंतर ती देवळात आली नाही.

दोन दिवसांनी पहिला शुक्रवार. मी धाराशिवला परतलो होतो. त्या दुपारी जे घडलं ते मला आधी आत्याकडून कळलं आणि नंतर फिलिपकाकांकडून. दोघांच्या सांगण्यात फरक नाही. क्रुसाची वाट आठव्या घरून निघाली आणि नवव्या घरासमोर आली. दार लावलेलं होतं. बाहेर तिवई होती, तिवईवर माठ नव्हता. इतक्या वर्षांत असं कधीच झालं नव्हतं. माणसं घुटमळली. फिलिपकाका मागं वळून हलक्या आवाजात म्हणाले, "आज बाईला त्रास नको." सगळ्यांना ते पटलं. कुणी कडी वाजवली नाही, कुणी काही वाचलं नाही. क्रूस तसाच दहाव्या घराकडं गेला.

आत्या दारामागं उभी होती. हात कडीवर होता.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "सुधीर, मला ओलांडून गेले रे," ती म्हणाली. त्यांना वाटलं तुला त्रास होईल, असं मी समजावायला लागलो. तू दार उघडलं असतंस का, असंही विचारलं. "न्हाय," ती म्हणाली. "उघडलं नसतंच. पर वाजवायला पाहिजे होतं."

संध्याकाळी फिलिपकाका माफी मागायला गेले. तिनं दार किलकिलं केलं, आत बोलावलं नाही. तिच्या बोलण्यात राग नव्हता, असं काका सांगतात, आणि त्यालाच ते घाबरले. "तुमी कनवाळूपणानं गेलात, फिलिपभाऊ, मला कळतंय की. देव बी असाच गेला असंल दारावरून. म्हणला असंल, बाईला त्रास नको."

त्यानंतरच्या दिवसांत तिला सावरायला जे जे गेले ते हात हलवत परत आले. तिनं ज्यांना धीर दिला होता तीच माणसं तिची वाक्यं तिलाच ऐकवत होती. ती ऐकून घ्यायची आणि मशीन सुरू करायची. इंदूताई भिंतीपलीकडून आवाज ऐकत बसायच्या. मशीन चालतंय म्हणजे बाई जिवंत आहे, एवढाच हिशेब उरला होता. मी एका रविवारी गेलो, तेव्हा नवव्या स्थानाचं चित्र भिंतीकडं तोंड करून ठेवलेलं दिसलं. मी ते सरळ करायला हात पुढं केला. "राहू दे," ती म्हणाली. "पडू दे त्याला निवांत. सारखं उठ उठ किती म्हणायचं एखाद्याला?" मग मी जेवलो का, असं तिनं विचारलं आणि ताट वाढलं. ती माझ्याबरोबर जेवली नाही.

पुढच्या शुक्रवारी क्रूस तिच्या दारासमोर थांबला. फिलिपकाकांनी कडी वाजवली. दार उघडलं नाही. प्रार्थना कुणी वाचायची हा प्रश्न आला. कुलूप असतं तर दुसऱ्या कुणी वाचली असती, पण आत घरधनीण होती आणि स्थान तिचं होतं. कुणीच वाचली नाही. माणसं नुसती उभी राहिली. तळपाय भाजतात म्हणून एकेक पाय उचलत उभी राहिली आणि मग निघाली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम सुट्टी टाकून गेलो. परत कडी वाजली, परत शांतता. माठाच्या जागी तिवईवर धूळ होती. आदल्या वेळेपेक्षा जास्त थांबलो. एका म्हातारीला भोवळ आल्यासारखं झालं, तिला ओट्यावर बसवलं. फिलिपकाकांनी पुन्हा कडी वाजवली, "मार्थाबाई..." अशी हाक मारली. तेव्हा बंद दाराच्या अगदी मागून आवाज आला.

"झालं का? चला. पुढचं घर वाट बघतंय."

जमलेल्यांत यावरून नंतर पुष्कळ बोलणं झालं. ती पूर्वीसारखी झाली असं काहींना वाटलं, ती हाकलत होती असं काहींना. मी दारापासून दोन हातांवर होतो. आवाज घोगरा होता, बरेच दिवस मोठ्यानं न बोललेल्या माणसाचा असतो तसा. याहून जास्त काही मला त्या आवाजातून काढता आलं नाही... अजूनही येत नाही.

पुढच्याच शुक्रवारी सकाळी इंदूताईंचा फोन आला.

त्या संध्याकाळी वाट निघाली नाही. तिला शालिनीच्या शेजारी माती दिली. त्याआधी, दुपारी तिला बाहेर काढायचं म्हणून पुढचं दार बाहेरून ढकललं, तर आतली साखळीची कडी ताणून ते जरासंच किलकिलं झालं. दाराला आतून काहीतरी टेकलेलं होतं. इंदूताईंचा हात आत जाईल एवढी फट होती, त्यांनी बाहेरून चाचपलं आणि हात मागं घेतला. ओला होता. सकाळपासून सगळे मागच्या खोलीतच होते; मी मागच्या दारानं पुढच्या खोलीत जाऊन पाहिलं. उंबऱ्याशी, आतल्या बाजूनं, माठ होता. काठोकाठ भरलेला. वर ओलं फडकं, शेजारी घासून पालथे घातलेले सगळे पेले. आत्या स्वतः स्वयंपाकघरातल्या हंड्यातलं पाणी प्यायची. चित्र मात्र भिंतीकडं तोंड करूनच होतं.

फिलिपकाका माठाजवळ खाली बसले. "उघडणार होती का हो?" त्यांनी मला विचारलं. पत्रकार माणूस, मला कळत असेल, असं त्यांना वाटलं असावं. माठ भरलेला होता आणि दाराला आतून कडी होती, एवढंच मी सांगू शकलो. कुणीतरी पहिला पेला भरून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पिऊन टाकला. मग खांदा द्यायला आलेले सगळेच ओळीनं प्याले. पेले गोळा करायला कुणी नव्हतं, ते जमिनीवरच राहिले.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, क्रुसाची वाट नवव्या घरासमोर आली तेव्हा दाराला कुलूप होतं. काकांनी कडी वाजवली. आम्ही थांबलो. इंदूताई त्यांच्या ओट्यावर पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. प्रार्थना मी वाचली, वाईट वाचली.

परवा घरातलं सामान हलवायला कळंबला गेलो होतो. मशीन इंदूताईंच्या सुनेला द्यायचं ठरलं आहे. चित्राचं काय करायचं ते ठरलेलं नाही. माठ अजून उंबऱ्याशी असेल हे माहीत होतं. पाणी पाझरून, वाळून गेलं असणार आणि आत क्षाराची पांढरी वलयं राहिली असणार, हेही माहीत होतं. दारापाशी उभा राहिलो. किल्ली माझ्याच हातात होती, कुलूप समोर दिसत होतं. आधी कडी वाजवली... आणि वाट पाहिली.