ताडपत्रीमावशीचा रूळ

कारखान्यात तिला सगळे ताडपत्रीमावशी म्हणायचे. मोठ्या मशीनगनवर घालायच्या खोळी ती शिवायची. जाड ताडपत्री, जाड सुई आणि दोन्हींपेक्षा जाड मावशीचा आवाज. बावीस वर्षं तिने एकाच शिलाई मशीनवर काढली होती. तिच्या कामाला कुणी नावं ठेवलेली तिला खपत नसत, आणि खरं सांगायचं तर नावं ठेवायला जागाही नसे.

त्या वर्षी कारखान्याच्या अगदी गळ्याशी आलं होतं. इथे घडवलेली नवी मशीनगन लष्कराच्या दोन चाचण्यांत नापास झाली होती. तिसरी चाचणी शेवटची. तीही गेली तर कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागणार होतं. मावशीच्या लेखी कुलपाचा अर्थ एकच: आपली खोली सोडून भावाकडे परतायचं आणि वहिनीच्या हाताखाली राहायचं. वहिनी वाईट नव्हती हो, पण दुसऱ्याच्या चहात साखर किती हेसुद्धा तीच ठरवायची.

गनचं दुखणं विचित्र होतं. जमिनीवर तिपाईवर ठेवली की गुणी पोरीसारखी चालायची, आणि गाडीच्या टपावर चढवली की पन्नासेक गोळ्या झाडून गप्प. गनचे आराखडे काढणारे साहेब हुशार, पण एक नंबरचे हट्टी. त्यांनी दोनदा स्प्रिंग बदलली, मग काडतुसांना दोष दिला, मग गन चालवणाऱ्या हवालदाराला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

चाचणीच्या आदल्या सकाळी मावशी खोळीचं माप घ्यायला मैदानावर गेली, तेव्हा सराव चालू होता. गन पुन्हा अडकली. सगळे टपावर धावले. मावशी मात्र खालीच बघत राहिली. काडतुसांची पेटी गाडीच्या तळाशी होती आणि तिथून काडतुसांचा पट्टा चांगला दोन हात लोंबत वर गेला होता.

"साहेब, हा पट्टा वर कोण ओढतं?"

"गनच ओढते. का?"

"मग अडकेल नाहीतर काय! तंबूचं कापड शिवताना मी मशीनला टेबल जोडते. कापड खाली लोंबलं की मशीनला ओढवत नाही, टाके चुकतात. कापडाचा भार टेबलाने घ्यायचा, सुईने नाही."

साहेब हसले. "मावशी, ही गन आहे. शिलाई मशीन नव्हे."

"ओढायचं ते ओढायचंच ना? जमिनीवर पेटी शेजारी असते, तेव्हा बरी चालते ती."

साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी लोंबता पट्टा हातात तोलून पाहिला. तीन किलो तरी सहज भरला असता. ते गाडीच्या पायरीवर बसले आणि हळूच म्हणाले, "दोन वर्षं मी नुसता वरच बघत होतो."

संध्याकाळपर्यंत वेल्डरने गनच्या अगदी शेजारी पेटीसाठी लोखंडी फळी जोडली. पट्टा सरकायला मावशीने ताडपत्रीचं थान गुंडाळायचा लाकडी रूळ कापून दिला.

दुसऱ्या दिवशी अधिकारी खुर्च्यांवर बसले आणि गन कडाडली. पन्नास गोळ्या गेल्या तेव्हा मावशीने डोळे मिटले. शंभरला उघडले. दुसरी पेटी, तिसरी पेटी. पाचवी संपेपर्यंत गन एकदाही अडकली नाही. मुख्य अधिकारी उठून "पास" म्हणाले आणि वेल्डरने मावशीला चक्क उचललं. तिला इतका आनंद झाला की ती त्याच्यावर ओरडायचंही विसरली.

"कल्पना यांची," साहेबांनी आपणहून अधिकाऱ्यांना सांगितलं. "माझी नाही."

अधिकाऱ्यांनी हवालदाराला खूण केली. तो टपावरून वाकला. "मावशी, एक पेटी उरलीय. या वर."

"मला काय येतंय त्यातलं?"

"दोन्ही मुठी घट्ट धरायच्या आणि अंगठे दाबायचे. बाकी तुमचा रूळ बघून घेईल."

मावशी वर चढली. मुठी धरल्या, समोरच्या मातीच्या ढिगावर नेम धरला आणि अंगठे दाबले. पट्टा सरसर सरकत गेला. पेटी रिकामी झाली, गन थांबली, खाली टाळ्या सुरू झाल्या, तरी मावशीचे अंगठे दाबलेलेच होते.