प्रसादातली मनुका चालायला लागली

सत्यनारायणाच्या प्रसादातली मनुका उठून चालायला लागलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. तो चमत्कार नव्हता. ती माझी करणी होती.

मुळात मला फक्त वांगी चांगली आणायची होती. आणि वांगी तरी कशासाठी? तर सासूबाईंनी एकदा, आयुष्यात एकदाच, "बरं केलंस गं" म्हणावं म्हणून! सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्या खानापूरकडच्या गावात भात पिकवतात, कोंबड्या पाळतात आणि मला नावं ठेवतात. मी शहरात, टिळकवाडीत वाढलेली, शाळेत इंग्रजी शिकवणारी. "पोरगी हुशार हाय, पण हाताला माती न्हाय," हे त्यांचं मत लग्नाच्या मांडवातच कायम झालं. माझी मुलं कॉलेजात गेली तरी त्यात काडीचा फरक नाही. इकडे माझी मिरची वाळली की तिकडे गावात त्यांना कसं कळायचं, देव जाणे! (देव कसला, माझा नवरा. रोज आईला फोन करतो.)

म्हणून या वर्षी मी इरेला पेटले. मच्छे गावच्या एका मैत्रिणीने मला डबाभर अळ्या दिल्या. साध्यासुध्या नव्हेत, काळ्या सैनिक माशीच्या! ही माशी चावत नाही, घरात घोंघावत नाही, आणि तिच्या अळ्या ओल्या कचऱ्याचा असा फडशा पाडतात की मागे उरतं ते नुसतं खत.

"म्हंजे आता आपून किडं पाळायचं?" सतीशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, डब्यात डोकावून विचारलं.

"किडे नाहीत हो, अळ्या. सेंद्रिय!"

"सेंद्रिय असू देत न्हाईतर सरकारी. आईला कळलं तर तुझ्यासंगं मलाबी घरातनं भाईर काढंल."

"कळतंय कशाला? तुम्ही तोंड उघडलं नाही म्हणजे झालं!"

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी मी निळं पिंप बसवलं. त्याला एक तिरकी नळी. अळीचं खाऊन झालं की ती काळपट होते, आपणहून कोरडी अंधारी जागा शोधायला निघते, नळीतून वर चढते आणि बाहेर ठेवलेल्या बादलीत टपकन पडते. कुणी सांगायला नको, ओरडायला नको. इतकी शिस्त मी माझ्या वर्गात कधी पाहिली नाही.

आणि वांगी! झाडाला पानं कमी आणि वांगी जास्त. मी रोज सकाळी जाऊन त्यांच्याकडे बघत उभी राहायची. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी आमच्याकडे सत्यनारायण असतो आणि त्याला आत्याबाई येतात. त्यांना परसात न्यायचं, वांगी दाखवायची आणि "बरं केलंस गं" कानात साठवायचं, असा माझा बेत पक्का झाला. अळ्यांचं नाव काढायचं नाही. श्रेय सगळं माझ्या हाताला!

पण श्रावणाआधी आषाढ येतो, आणि आमच्या गल्लीत आषाढ म्हणजे मटण. श्रावण लागायच्या आत वर्षभराचं खाऊन घ्यायचं असल्यासारखी घराघरातून पातेली चढतात. आमच्याही घरी तांबडा रस्सा झाला, आणि तोही उरला. आता श्रावणात घरात मटणाचा कण नको, हा आत्याबाईंचा कायदा. पिंप घरातच की हो! म्हणजे पिंपालाही श्रावण पाळायला हवा. आषाढ संपायच्या आत आतलं सगळं सामिष संपवून टाकायचं, असं मी ठरवलं आणि रस्सा, चरबी, भाकरीचे तुकडे, सगळं एकदम ओतलं. वर शेजारच्या शोभाआक्कांकडचं उरलेलंही मागून आणलं. (माझं डोकं तेव्हा कुठे होतं, विचारू नका.)

"एवढं पचंल का त्यास्नी?" सतीश म्हणाला.

"तुम्हाला पचलं ना? मग त्यांनाही पचेल."

नाही पचलं. एवढ्या ऐवजाने पिंप आतून तापलं. मी हात लावून बघितला तर तव्यासारखं गरम. मला वाटलं, वा, काय जोमात काम चाललंय! त्यात सोमवारी पहाटेपासून पाऊस. आणि आत्याबाई यायच्या म्हणून मी नळीखालची बादली उचलून न्हाणीघरात लपवली. म्हणजे आत भट्टी, बाहेर नळी उघडी, आणि समोर आमच्या स्वयंपाकघराचं दार.

आत्याबाई आल्या. पावसामुळे परसात जायचं राहिलं, थेट पूजाच सुरू झाली. गुरुजी कथा सांगत होते, बायका सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या. गुरुजींचं जहाज पाण्यात बुडत होतं, तेवढ्यात माझी नजर शिऱ्याच्या परातीकडे गेली. परातीच्या काठावर एक मनुका होती. ती सरकली.

मी डोळे मिटले, उघडले. आता तीन मनुका होत्या आणि एकीमागून एक चौरंगाखालच्या अंधारात निघाल्या होत्या.

"अहो," मी सतीशच्या कानात कुजबुजले, "त्या आल्या."

"कोण?"

"आपल्या."

"येऊ देत की! बसाय सांग त्यास्नी. शिरा लई केलाय," तो हात जोडूनच म्हणाला.

एवढ्यात शोभाआक्कांनी मांडीखालून काहीतरी उचलून बघितलं. "अय्यो! हुळा! हुळा!" त्या थेट कन्नडात किंचाळल्या. (घाबरलं की माणूस आपल्या भाषेत किडे बघतं.) मग काय! सतरंजी झटकली गेली, त्याबरोबर खालच्या दोनशे-अडीचशे अळ्या उडाल्या. कुणी पलंगावर चढलं, कुणी दाराकडे धावलं. पण कोरडी अंधारी जागा शोधणाऱ्यांनी चपला आधीच गाठल्या होत्या, त्यामुळे दारातून दुसरी किंकाळी आली. गुरुजी केळीचा खुंट धरून पाटावर उभे राहिले आणि त्यांनी जहाज तसंच अर्ध्या पाण्यात सोडून दिलं.

जागची हलली नव्हती ती एकच व्यक्ती. आत्याबाई. त्यांनी पदरावरची अळी चिमटीत धरली, तळहातावर घेतली, चष्मा वर करून बघितली. संपलं! वांगीही गेली आणि मीही गेले.

"सुनंदा, ह्ये तू पाळलाईस?"

"हो, आत्याबाई."

"कशावर पोसलीस गं?"

खोटं बोलायचं होतं हो. पण समोर सत्यनारायण! "रश्श्यावर," मी म्हणाले. "मटणाच्या."

गुरुजींनी पाटावरूनच कपाळाला हात लावला. आत्याबाईंनी मात्र अळी बोटाने दाबून बघितली आणि त्यांचा चेहरा असा काही खुलला की मी तो नातवंडं झाली तेव्हाही पाहिला नव्हता.

"म्हणूनच एवढ्या टणटणीत हाइत! माझ्या कोंबड्या नुसत्या नाचतील की गं! बघत काय बसलाय, बुट्टी आणा!"

आणि आत्याबाईंनी पदर खोचला. उरलेली कथा टोपलीभर अळ्या गोळा झाल्यावर झाली. शिरा तेवढा कुणी खाल्ला नाही. (सतीशने खाल्ला. मनुका काढून.)

दुसऱ्या दिवशी मी त्यांना ओढत परसात नेलं. वांगी झळकत होती. "आत्याबाई, वांगी बघितलीत का?"

"वांगी काय, कुणाच्याबी दारात येत्यात," असं म्हणून त्या पिंपात वाकल्या. जाताना बसमध्ये बुट्टी त्यांनी मांडीवर घेतली. मी डब्यात दिलेली वांगी सीटखाली.

आता गावात त्यांच्या कोंबड्या दणकून अंडी घालतात आणि आमच्या घरी एक नवल घडलंय. आत्याबाई रोज फोन करतात, आणि मुलाला नाही, मला! पहिल्या दिवशी तर मी वह्या तपासायच्या सोडून फोनला चिकटले. आवाजात काय ती माया!

"सुनंदा, पोटभर खाल्लं का गं?"

"हो आत्याबाई," मी डोळे पुसत म्हणाले, "आत्ताच जेवले."

"तुझं कोण इचारतंय?" आत्याबाई म्हणाल्या. "पिंपातल्यांचं सांग."