बेटावरची चूल

मला एका जागी बसवत नाही. हा गुण आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. पण त्यांचे पाय निदान रानात वळायचे. कारेगावचं आमचं रान कारखान्यांसाठी गेलं, तिथं पत्र्याची शेड आली, भोवती भिंत झाली, आणि त्या पायांना कुठं जावं ते कळेना. रोज सकाळी आबा त्या भिंतीच्या कडेनं फेऱ्या मारायचे. गेटवरचा वॉचमन विचारायचा, "किससे मिलना है?" आबा म्हणायचे, "इहिरीला." विहीर कधीच बुजवून टाकलेली होती.

मी शेजारच्याच कंपनीत शिफ्टला होतो. कॅन्टीनमध्ये हा किस्सा मिटक्या मारत सांगितला जायचा आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण रागावणार कुणावर? घरी आबांची झोप उडालेली, जेवण तुटलेलं. डोळ्यांदेखत माणूस झिजत होता. समुद्र बघितला की मन निवतं, असं मला कुणीतरी सांगितलं. कंपनीतल्या आम्ही काही जणांनी घरच्यांसकट अंदमानला जायची टूम काढली, तेव्हा मी आबांना जवळजवळ ओढतच नेलं.

एक दिवस आम्ही लहान बोटीनं एका बेटावर गेलो. माणसं राहत नाहीत असं बेट. संध्याकाळच्या आत परतायचं. बोटीत चढण्याआधीच धक्क्यावर सगळ्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून घेतल्या. आमच्या बायकांनी भाकरी फडक्यात बांधलेल्या, त्यामुळं शहरातल्या लोकांच्या आधी आमची सुटका झाली. याचा आम्हाला कोण अभिमान! पण बेटावर पोचलो आणि पुढं काय करायचं तेच समजेना. वाळू, पाणी, सावली. लोक आडवे पडून समुद्राकडं बघत राहिले. असं किती बघणार? मी सारखा घड्याळाकडं बघत होतो. आबा तर एकदाही टेकले नाहीत, नुसते किनाऱ्यानं येरझारा घालत होते.

मग ते म्हणाले, "भाकरी काय कोरडी खायची व्हय?"

आमच्याकडची माणसं कुठंही गेली तरी पातेलं आणि बेसन बरोबर असतंच. तीन दगड मांडले की झाली चूल. आबांनी धोतर खोचलं आणि दगड गोळा करायला निघाले. पांढरे, हलके, भोकाभोकांचे दगड. तीन चुलीला, आणि वारा लागू नये म्हणून भोवती आडोशाला आणखी बरेच. काटक्या आणल्या, फुंकणी नाही म्हणून कुरकुरले, बायकांना कांदा बारीक चिरायला सांगितलं. कित्येक महिन्यांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. मला इतका आनंद झाला की काय सांगू. वाटलं, औषध लागू पडलं.

काडी ओढणार तेवढ्यात बेटावरचा रखवालदार धावत आला. तो ओरडला नाही. म्हणाला, "बाबा, ये पत्थर नहीं है. मूंगा है." म्हणजे पोवळं. समुद्रातल्या बारीक जिवांनी बांधलेलं घर. जीव मेले तरी ते घर किनाऱ्याच्या कामाचं, त्यात खेकडे राहतात. इथं जाळ करायचा नाही आणि शिंपलासुद्धा उचलायचा नाही, असं त्यानं समजावलं. मी हात जोडले, बायकांनी पातेलं आवरलं. माझ्या दृष्टीनं विषय संपला.

आबांच्या दृष्टीनं नाही. "इचार त्याला," ते मला म्हणाले, "मोठा सायेब आला तर? त्याला तरी उचलता येतंय का?"

मी विचारलं. "कोई भी आए," रखवालदार म्हणाला. "जो जहाँ से उठाया, वहीं रखना पड़ेगा."

आबांनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग उठले, आणि एकेक दगड उचलून जिथला तिथं नेऊन ठेवायला लागले.

ऊन उतरलं. बोटवाल्यानं हाका मारायला सुरुवात केली. सगळे चढून बसले, आणि आबा अजून किनाऱ्यावर एक दगड उलटा करून बघत होते, त्याची कुठली बाजू वर होती ते. माझा संयम सुटला. "आबा, चला! टाका कुठंबी! कोन बघतंय?"

ते थांबले. चिडले नाहीत. "हितं परत ठिवायला जागा तरी हाय," म्हणाले. "माज्या इहिरीचं दगड मी कुठं नेऊन ठिवू?"

बोटवाला ओरडतच होता. समुद्र दाखवून या माणसाला गप्प बसवायला मी निघालो होतो. मी बोटीतून खाली उतरलो, चपला काढल्या, उरलेल्या ढिगातला एक दगड उचलला आणि विचारलं, "ह्यो कुठला?"

"त्या आडव्या पडल्याल्या झाडापसला," आबा म्हणाले. "सावकाश ठिव."