मेंडोलिनच्या पोटातली मळी

दुष्काळात लाकूड सुकलं आणि तेलगावच्या एका बँडवाल्याच्या जुन्या, भोपळ्यासारख्या गोल पाठीच्या मेंडोलिनच्या पट्ट्या सुटल्या. पठ्ठ्यानं भेगांत सरसाऐवजी साखर कारखान्यातली मळी भरली! दुरुस्तीला माझ्याकडे आणलं तेव्हा आंबूस घाण, मुंग्या आणि आत झुरळांचं गोकुळ.

"मळी कावून भरली बे?"

"लई चिकट हाय, दादा. परवा लेकीच्या लग्नात वाजवायचंय. वाजंल ना?"

टँकरच्या पाण्याची कळशी त्यानंच आणली. नाकाला रुमाल बांधून मी सगळं धुतलं, सरसानं जोडलं. दुसऱ्या दिवशी तारा चढवून मेंडोलिन पोटाशी धरून एक गत वाजवायला घेतली, तर उरलेलं एक झुरळ माझ्या सदऱ्यात शिरलं. शी! पण समोर तो बाप डोळे मिटून ऐकत होता. गत संपेपर्यंत मी हात थांबवला नाही.