दाजींची खालची ओळ

आमचे दाजी, म्हणजे ताईचा नवरा, दीडशहाणे. ताईने ताट वाढायचं तेसुद्धा यांच्या क्रमाने, नाहीतर कपाळाला आठ्या. माझं नशीब असं फुटकं की कारखान्यातही तेच वाट्याला आलेत. पुठ्ठा कापायच्या यंत्राच्या चिपमधल्या सूचना ते लिहितात आणि मी तपासते.

यंत्राचं पातं दर फेरीला एकदा खाली येतं. त्याच्या जरा आधी चिपला एक ठोका मिळतो आणि दाजींनी लिहिलेली प्रक्रिया, म्हणजे दोन ओळींच्या सूचना, जागी होते. पहिली ओळ म्हणते, यंत्राचं दार उघडं की बंद ते ‘सिग्नल’ नावाच्या नोंदीत ठेव. दुसरी म्हणते, सिग्नल ‘बंद’ असेल तरच पातं सोड.

वाचूनच माझं डोकं फिरलं. “दाजी, ओळी क्रमाने चालतात, कबूल. पण सिग्नलला दिलेली नवी किंमत लागू होते ती प्रक्रिया संपून थांबल्यावर. तुमची दुसरी ओळ जुनंच वाचतेय. लगेच बदल हवा तर तिथे सिग्नलऐवजी व्हेरिएबल घ्या.”

“मेहुणीबाई, वरची ओळ आधी, खालची नंतर. शेंबडं पोरही सांगेल.”

“अहो, दार उघडल्यावरही पातं एकदा पडेल! आत माणसाचा हात असेल!”

“चाचणीत थांबलं होतं.”

थांबणारच! दार उघडल्यावर हे महाशय पहिली फेरी सोडून निवांत पुढच्या फेऱ्या बघत बसले होते. पालथ्या घड्यावर पाणी! असा संताप आला मला, की नातं गेलं खड्ड्यात.

यंत्र चालवणारा शेजारीच उभा होता. अडकलेला पुठ्ठा उद्यापासून त्यालाच हाताने काढायचा होता. दाजींनी यंत्र सुरू केलं आणि त्याला म्हणाले, “उघड दार, घाल हात. बिनधास्त!”

त्या बिचाऱ्याने बाही वर केलीसुद्धा. मी त्याचं मनगट धरून मागे ओढलं. “तुम्ही घाला की, दाजी!”

दाजी हसले, पण त्यांचा हात खिशातून बाहेर आला नाही. मी कोपऱ्यातला झाडू उचलला, दार उघडलं आणि दांडा आत सारला. खाडकन पातं आलं. दांड्याचा तुकडा उडून पलीकडे पडला. पुढच्या फेरीला मात्र पातं वरच राहिलं.

“बघा, थांबलं की नाही!” दाजी म्हणाले.

यंत्र चालवणारा दोन्ही हात काखेत दाबून मागे सरकत होता.