गोट्यातला शंख

वैनगंगेच्या पात्रात यांना तो गोटा सापडला तेव्हा मी म्हटलं, "घरात कचरा कमी आहे का?" मुठीएवढा काळपट गोटा, एका अंगाला शंखासारखा वेढा उमटलेला, बाकीचा आत दबलेला. आमचे हे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. म्हणाले, "समुद्रातला जीव होय हा. इथं समुद्र होता." आसगावात समुद्र! पानठेल्यावर पोरं विचारायला लागली, "काय गुरुजी, भरती कवा येते?" हे घरी येऊन धड जेवायचे नाहीत. मला भारी राग यायचा, पोरांचाही आणि यांचाही.

नागपूरच्या एका प्राध्यापकांना फोटो पाठवला. ते म्हणाले, फोटोवरून सांगता येत नाही, गोगलगाईचा वेढाही असाच दिसतो. गोटा कापून पाहू. आत पडदे घालून कप्पे केलेले असले तर समुद्रातला. दुसरा असेल तर आणा. दुसरा कुठून आणणार? रेतीवाल्यांच्या मशिनींनी तो काठच खरवडून नेला होता.

जायचं ठरलं आणि हे अंथरुणाला खिळले. गोटा उशाशीच. शेवटी म्हणाले, "मी नसलो तरी तू ने तो. खरं काय ते लोकाईले कळू दे." मी हो म्हटलं.

हे गेले. आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत. ज्या खड्यानं चितेपाशी मडकं फोडतात, तो जीवखडा पांढऱ्या फडक्यात बांधून दहाव्यापर्यंत अंगणात ठेवतात. मी रोज त्याच्यावर पाणी घालायची आणि मग घरभर गोटा शोधायची. दहाव्याच्या सकाळी धाकट्या दिरानं नदीवर न्यायला फडकं सोडलं, तर आत तोच वेढा.

"अवं माय! हा तर यांचा गोटा! काहून नेला?"

"घाटावर खडा भेटतच नाही आता वैनी, सारं खरडून नेलं. भाऊच्या उशाशी होता, म्हणून घेतला."

"मले तो नागपूरले न्यायचा आहे."

दीर रडायलाच लागला. "वैनी, हा आता गोटा नोहोय, भाऊ होय. भाऊले कापाले नेता का?"

इतके दिवस पाणी घालताना मीच तर त्याच्याशी बोलत होते, बरे आहात ना म्हणून. कोणत्या तोंडानं मागणार?

डोहात टाकला म्हणे, खोल पाण्यात. प्राध्यापकांचा फोन आला, कधी आणता? मी म्हटलं, आता जमत नाही.

पानठेल्यावर भरतीचं कोणी विचारत नाही आता. गेलेल्या माणसाची थट्टा करत नाहीत आमच्या गावात. मी समोरून गेले की पोरं खाली मान घालतात. म्हणजे यांचा समुद्र ही थापच होती, असं सगळ्यांनी धरून घेतलंय, आणि दाखवायला गोटाच उरला नाही, तर मला 'नाही' म्हणता येत नाही.