‘रिकामं यार्ड’मधला दुसरा श्वास

जगदेवराव शिर्के सॅक्सोफोन वाजवतात, हे तरसालीतल्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. जॅझ वाजवतात, हे मात्र कुणाच्या गावीही नाही. “अंकल, तुम्ही वरघोड्यात वाजवायचात ना?” असं कुणी विचारलं की ते हो म्हणून मोकळे होतात. त्यात खोटं काही नाही. बडोद्यातल्या कितीतरी नवरदेवांच्या घोड्यापुढे त्यांनी घाम गाळलाय, नवरात्रात सॅक्सोफोनवर गरबासुद्धा वाजवलाय. जॅझच्या नादी लागलेल्या माणसाला या शहरात पोटासाठी रेल्वेची नोकरी करावी लागली आणि हात चालू ठेवायला लोकांची लग्नं वाजवावी लागली, एवढाच त्याचा अर्थ.

वडील जुन्या संस्थानी बँडात क्लॅरनेट वाजवायचे. त्यांच्याकडून फुंक आली. बाकीचं शिक्षण शुक्रवारी बाजारात झालं, तिथे जुन्या भांड्यांच्या शेजारी परदेशी तबकड्या ढिगाने पडलेल्या असायच्या. जगदेवराव त्या घरी आणायचे, एकेक ओळ शंभर वेळा ऐकायचे आणि प्रतापनगरच्या कचेरीत फायलींवर बोटं चालवत बसायचे. साहेबाला वाटायचं, हिशेब चाललाय.

ऐंशीच्या सुमारास त्यांनी ‘विश्वामित्री क्विंटेट’ काढलं. नावाप्रमाणे माणसं पाच हवीत. तालमीला बहुधा तिघंच यायचे. न चुकता येणारा एकच, संपतराव मोहिते, मालगाडीचा गार्ड. ड्युटी संपली की तो गणवेशातच रेल्वेच्या हॉलवर हजर. त्याच्याकडे स्वतःचा सॅक्सोफोन नव्हता. तो जगदेवरावांचाच वाजवायचा, तोंडात धरायचं टोक धोतराच्या फडक्याने पुसून. खंडेनवमीला दोघं मिळून त्याच एका सॅक्सोफोनला हळदकुंकू लावायचे आणि त्या दिवशी कुणीच वाजवायचं नाही, हे संपतरावाला फार जड जायचं.

जगदेवरावांच्या डोक्यात चाली मात्र दोन सॅक्सोफोनांच्या यायच्या. मग त्यांनी एक युक्ती काढली. हॉलमध्ये मोठ्या चकत्यांचा टेपरेकॉर्डर होता. त्यात नवं भरताना जुनं पुसणारा एक भाग असतो. त्यावर पोस्टकार्डाची बारीक पट्टी चिकटवली की जुनं पूर्ण पुसलं जात नाही, नवं त्याच्यावर बसतं. पहिला सॅक्सोफोन आधी भरायचा, पट्टी लावायची, टेप मागे घ्यायची, दुसरा वरून भरायचा. एका वाद्यात दोन माणसं. काम झालं की पट्टी काढायची, हा नियमही त्यांचाच.

‘रिकामं यार्ड’ ही त्यांची सगळ्यात चांगली रचना. तिच्या मध्यावर सगळे थांबतात आणि दीड मिनिट एकटा सॅक्सोफोन वाजतो. पंच्याऐंशी सालच्या एका रविवारी दुपारी ती टेपवर भरली. मधला तुकडा संपतरावाने वाजवला, कारण तालमीत जगदेवरावांचा ओठ फाटला होता.

संपतरावाने वाजवून संपवलं, तेव्हा ड्रमवाला पुन्हा सुरू करायचं विसरला. पुढचं सगळं वेगळं भरावं लागलं. चहा पितानासुद्धा कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. जगदेवराव हसून “वाह रे गार्डसाहेब” म्हणाले, पण मनात हिशेब चालला होता. चाल त्यांची, वाद्य त्यांचं, रात्रंदिवस घासलेली बोटं त्यांची. आणि कोण हा, शिट्टी फुंकणारा, येतो काय आणि घेऊन जातो काय. आठवड्याने मुंबईहून कॅसेट कंपनीचा माणूस टेप ऐकायला येणार होता.

दुसऱ्या दिवशी संपतराव रतलामला गेला होता. जगदेवराव जेवणाच्या सुट्टीत एकटे हॉलवर गेले आणि फाटक्या ओठाने त्यांनी तो दीड मिनिटाचा तुकडा त्याच जागी पुन्हा भरला.

पुढे संपतरावाला ते म्हणाले, “टेप गुंडाळली रे मशीनमध्ये. तुझा तुकडा गेला. तू इथे नव्हतास, मग मीच भरला.”

“बरं केलंस,” संपतराव म्हणाला. “चाल तुझीच आहे ने.”

रविवारी लावलेली पट्टी घाईत काढायची राहिली होती. हे जगदेवरावांना तिसऱ्या दिवशी टेप ऐकताना कळलं. त्यांच्या सुरांखाली, भिंतीपलीकडून यावा तसा, संपतराव वाजत होता. पुन्हा पुसायची हिंमत त्यांना झाली नाही. कॅसेट निघाली, तिच्या खरखरीत ते दबून गेलं, कुणालाही ऐकू आलं नाही. फक्त जगदेवरावांना यायचं. पानाच्या टपरीवर कॅसेट लागली की ते सुपारी अर्धी टाकून निघायचे. मुंबईच्या एका हॉटेलात त्यांनी सहा महिने वाजवलं, रेडिओवर दोन कार्यक्रम झाले, आणखी दोन कॅसेट निघाल्या. सगळीकडे लोक ‘रिकामं यार्ड’च मागायचे. मधला तुकडा आला की बोटं आपोआप संपतरावाच्या वाटेने जायची. इतकी वर्षं खालचं ऐकून ऐकून त्यांना ते पाठ झालं होतं, आणि स्वतः वर काय वाजवलं होतं, तेच आठवेना. लोक टाळ्या वाजवायचे. जगदेवरावांना त्या टाळ्यांची भीती वाटायची.

संपतराव हळूहळू तालमीला यायचा बंद झाला. ड्युटी वाढलीय म्हणायचा. नव्वद साली काविळीने गेला.

त्याची बायको नलिनी नागरवाड्यात राहते. जगदेवराव दर दसऱ्याला तिच्याकडे सोनं द्यायला जातात, आणि दर दसऱ्याला ती आपट्याची पानं हातात घेऊन एकच विचारते, “भावजी, यांचं वाजवलेलं कुठे काही सापडलं का हो?” पस्तीस वर्षं जगदेवराव “नाही वहिनी” म्हणत आलेत. घरी परतताना त्यांना स्वतःची किळस येते, आणि पुढच्या दसऱ्याला ते तेच म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात परदेशातल्या एका कंपनीचं पत्र आलं. त्यांना ‘रिकामं यार्ड’ची मूळ टेप हवी होती, नव्याने तबकडी काढायला. जगदेवरावांची नात रसिका आवाजाच्या संकलनाचं काम करते. तिने चकती कॉम्प्युटरवर उतरवली, हेडफोन लावले आणि मधल्या तुकड्यापाशी मान वर केली.

“आबा, खाली कोणीतरी आहे.”

जगदेवराव खुर्चीत बसले होते.

“मागचं काहीतरी राहिलं असेल,” ते म्हणाले. “साफ करून टाक.”

“करते. पण जो ने, ऐक तरी, तो पण सॅक्सोफोनच आहे. आणि एकदम मस्त वाजवतोय. पक्कं ना? एकदा पाठवलं की हेच कायमचं. टेपवरचा थर तर आता सुटायला आलाय, ती पुन्हा चालणार नाही.”

म्हणजे या बटणानंतर संपतराव जगात कुणालाच ऐकू येणार नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी निम्मं राहिलेलं काम आज नातीच्या हातून पुरं झालं असतं.

“थांब,” जगदेवराव म्हणाले. “आधी नागरवाड्यात जायचंय. तू पण चल.”

शनिवारी सकाळी दहाला ते गेले. नलिनीने दार उघडलं, चहा टाकते म्हणाली. जगदेवरावांनी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. ओठ, ड्रमवाला, जेवणाची सुट्टी, पट्टी, पस्तीस दसरे. काही मऊ करून सांगितलं नाही. मग रसिकाने लॅपटॉपवर तो तुकडा लावला.

नलिनी पुढे झुकून ऐकत होती. काही क्षणांनी तिने बोट वर केलं.

“हे. इथे यांनी दोनदा श्वास घेतला. शिट्टी फुंकायच्या आधी असाच घ्यायचे.” तिचा आवाज कोरडा होता. “टेप गेली म्हणालात ना तुम्ही तेव्हा. यांना ते पटलं नव्हतं. म्हणाले, मीच काहीतरी वाईट वाजवलं असणार, जगदेव चांगला माणूस आहे, तोंडावर सांगत नाही. मग परत तुमच्या हॉलवर जायला लाजायचे. मी कितीदा म्हटलं, जा. म्हणायचे, नको, त्याला अडचण होते.”

संपतरावाची ड्युटी खरंच वाढली असेल, असं जगदेवरावांनी इतकी वर्षं धरून ठेवलं होतं.

“बेटा,” नलिनी रसिकाला म्हणाली, “भावजींचं ते वरचं बंद करता येतं का?”

रसिकाने आजोबांकडे पाहिलं.

“कर,” जगदेवराव म्हणाले.

तिला पंधरावीस मिनिटं लागली. जगदेवराव विरळ होत गेले, मधेमधे एखादा फाटका सूर उरला, मग तोही गेला. धुळकट, बारीक, पण एकटा संपतराव राहिला. रसिकाने हेडफोन नलिनीच्या कानांवर नीट बसवले. नलिनीने डोळे मिटले आणि तशीच म्हणाली,

“भावजी, तुम्ही आता बाहेर बसा.”

जगदेवराव उठले आणि ओट्यावर जाऊन बसले. थोड्या वेळाने रसिका बाहेर आली.

“कंपनीला कुठलं पाठवू, आबा?”

“मला विचारू नकोस. त्यांना विचार.”

“त्या परत पहिल्यापासून ऐकतायत.”

ते दाराकडे कान देऊन बसून राहिले. आत हेडफोन होते. बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं.